लुगड्यावरचे हिम

पारोशा माणसाची साक्ष आबा धरत नसत. सोनगीरपासून बैलगाडीच्या वाटेवर असलेल्या आमच्या खेड्यात बांधाचे, विहिरीच्या पाळ्यांचे आणि सुनांच्या माहेरपणाचे तंटे त्यांच्यापुढे येत, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : पाहिलेस तेव्हा आंघोळ झाली होती का? झाली नसेल तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अजून झोप आहे असे मानून ते साक्ष बाद करत. या नियमातून त्यांनी स्वतःलाही वगळले नव्हते. बंबातले पाणी कढत होणे, आंघोळ, देवपूजा आणि शेवटी कापराची आरती, एवढे उरकेपर्यंत ते कोणत्याही गोष्टीवर मत देत नसत, आणि शक्यतो काही पाहतही नसत. हा नियम मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो कधी भौतिकशास्त्राच्या आड येईल, असे मात्र वाटले नव्हते.

आबा माझ्या वडिलांचे थोरले बंधू. वडील जळगावच्या कोर्टात कारकून होते आणि घरातले सर्व मोठे निर्णय त्यांनी धाकटेपणाच्या हक्काने थोरल्या भावावर सोपवले होते. लढाई संपली त्या हिवाळ्यात असा एक निर्णय माझ्याविषयीचा होता. मी बी. एस्सी. झाले होते. जळगावच्या एका मुलींच्या शाळेने शास्त्रशिक्षिकेची जागा देऊ केली होती आणि संक्रांतीच्या आत होकार किंवा नकार कळवायचा होता. मला मुंबईस जाऊन एम. एस्सी. करायचे होते.

आबा शिक्षणाच्या विरुद्ध नव्हते. असते तर बरे झाले असते, कारण विरोधाला उत्तर देता येते. ते क्रमाच्या बाजूचे होते. आधी नोकरी, मग काही वर्षांचा अनुभव, आणि त्यानंतरही वाटलेच तर पुढचे शिक्षण, अशी त्यांची मांडणी होती. "पायरी सोडीसन कोन्ही चढत नई," असे ते म्हणत. काही वर्षांचा अनुभव घेतल्यावर मी प्रयोगशाळेत नसेन, चाळीसगावकडच्या एखाद्या सासरी असेन, हे मला स्वच्छ दिसत होते. आबांनाही दिसत असावे. पण तीही त्यांच्या लेखी एक पायरीच होती.

मी निर्णयासाठी खेड्यावर येऊन राहिले होते. एका संध्याकाळी शेकोटीभोवती बर्फाचा विषय निघाला. मागच्या उन्हाळ्यात जळगावच्या एका लग्नात आबांनी बर्फ प्रथम हातात घेतला होता. तो आगगाडीने, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आला होता. तो त्यांच्या मुठीत वितळून बाहीत उतरला, आणि बर्फाविषयीचे त्यांचे सर्व ज्ञान त्या ओल्या बाहीतून आलेले होते. मी म्हणाले की बर्फाला यंत्र लागतेच असे नाही. आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि हवा आपल्याकडच्या पौषासारखी कोरडी असेल, तर उथळ मातीच्या भांड्यातले पाणी रात्रीतून गोठवता येते.

"कोठे?" आबांनी विचारले.

"इथे. आपल्या घराच्या धाब्यावर."

"आगगाडी धाबावर चढी का मंग?"

शेकोटीभोवतीचे सगळे हसले. अक्का सर्वांत जास्त हसली. अक्का म्हणजे आबांची आणि माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती फार लहानपणी विधवा होऊन परत आली आणि तेव्हापासून घरातल्या भांड्याकुंड्यांवर तिचे राज्य होते. "जळगाववाली बोलाले लागनी," ती म्हणाली, "आते धाबावर बर्फ पिकाडी."

मला राग आला आणि रागाच्या भरात मी अट घातली. मी इथे बर्फ करून दाखवला, तर मला जूनमध्ये मुंबईला जाऊ द्यायचे. नाही झाला, तर मी जळगावची जागा घेईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. आबांनी निखारे काठीने सारले. मग त्यांनी मान डोलावली आणि स्वतःची अट जोडली : बर्फ ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. कोणत्या स्थितीतल्या डोळ्यांनी, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही, आणि मलाही विचारण्याचे सुचले नाही.

आमच्या घराचे धाबे, म्हणजे वरचे छत, मातीचे होते, सपाट, आणि भोवती गुडघाभर उंचीची पाळ. पूर्वेला शिडी. मी धाब्यावर कडब्याचा जाड थर अंथरला, कारण दिवसभर तापलेली माती रात्री खालून उष्णता देत राहते आणि ती पाण्यापर्यंत पोहोचू द्यायची नव्हती. त्यावर कुंभाराकडून आणलेले उथळ परळ मांडले आणि प्रत्येकात बोटाच्या पेरापेक्षा कमी पाणी ओतले. उरलेले काम आभाळाचे होते. स्वच्छ रात्री उघड्यावर पडलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर फेकत असते आणि वरून तितकी परत येत नाही. शिवाय पाण्याचा थोडा भाग कोरड्या हवेत उडून जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातो. या दोन खर्चांमुळे पाणी भोवतालच्या हवेहूनही गार होऊ शकते. मी कॉलेजातून आणलेला उष्णतामापक पाळीवर ठेवला, आभाळ एकदा तपासले आणि खाली येऊन झोपले.

पहाटे शिडी चढले तेव्हा परळ दिसले नाहीत. त्यांच्यावर अक्काचे जुने लुगडे नीट ताणून पसरलेले होते आणि चारी कोपऱ्यांवर खडे ठेवलेले होते.

मी लुगड्याची कड उचलून आत बोट घातले. पाणी अतिशय गार होते. ते पाणीच होते.

अक्का माझ्या मागोमाग शिडीवर आली होती. "मीच झाकं," ती समाधानाने म्हणाली. "रातले कोन्ही पानी उघडं ठेवस का? पाल पडी मंग? तुले इतलं शिकाडं, पानी झाकानं नई शिकाडं का?"

घरातले पाणी दिवे लागल्यानंतर उघडे राहू नये, हा अक्काचा नियम आबांच्या नियमाइतकाच जुना होता. तिने माझ्या प्रयोगात ढवळाढवळ केली नव्हती. माझ्या कामाचा राहिलेला भाग पुरा केला होता. पाणी आणि आभाळ यांच्यामध्ये एक सुती कापड आले, एवढेच. पाण्याने वर फेकलेली उष्णता लुगड्याने अडवली, बाष्पीभवनही मंदावले, आणि परळांतले पाणी गोठण्याच्या उंबरठ्यावर रात्रभर सुरक्षित राहिले. पालही पडली नव्हती.

मग उजाडू लागले आणि मी लुगड्याकडे पाहिले. तांबड्या लुगड्यावर पांढरा थर आला होता. मी जवळ वाकले. पीठ भुरभुरल्यासारखा दिसणारा तो थर बारीक सुयांचा होता. वर पसरलेल्या त्या पातळ कापडाला मागून ऊब देणारे काही नव्हते. ते परळांतल्या पाण्याहूनही गार झाले होते, आणि हवेतली वाफ त्यावर बसली ती पाणी न होता थेट बर्फ होऊन. हे दव नव्हते. दव आधी पाणी असते. मी एक सुई नखावर घेतली, ती कडक होती.

"दहिवर पडनं," अक्का म्हणाली.

"दव नाही, अक्का. हा बर्फ आहे." मी शिडीकडे धावले आणि अंगणातून आबांना हाक मारली.

बंब नुकताच पेटला होता. माजघरातून आबांचा आवाज आला : "आंघोय व्हवू दे." त्या सकाळी पाणी तापले, आबांची आंघोळ झाली, देवांची झाली, गंध उगाळले गेले, आरती झाली. मी धाब्यावर उभी राहून तो पांढरा थर विरत जाताना पाहत होते. त्याला थांबवण्याचा माझ्याकडे कोणताही उपाय नव्हता. थर पूर्वेच्या पाळीच्या सावलीतच होता, पण उत्तरेकडून कोरडी झुळूक सुरू झाली होती, आणि तिला सावलीचे काही वाटत नाही.

आबा सोवळ्यातच वर आले. त्यांनी परळ पाहिले. मग लुगडे पाहिले, मुठीत चुरगाळले, गालाला लावले.

"कोरडं शे," ते म्हणाले. "बर्फ व्हता ना? मंग पानी कोठे गयं?"

मी सांगितले की त्याचे पाणी झालेच नाही. तो बर्फ थेट वाफ होऊन गेला. शास्त्रात याला संप्लवन म्हणतात. घन पदार्थ मधली द्रव अवस्था टाळून वायू होतो.

आबांनी ते ऐकून घेतले. त्यांचा तर्क निर्दोष होता आणि त्यांनी तो पंचासारखा मांडला. बर्फ विरला की त्याचे पाणी होते, हे त्यांनी स्वतः, आंघोळ झालेली असताना, जळगावला पाहिले आहे. इथे पाणी नाही. म्हणून इथे बर्फ नव्हता. अक्काने पांढरे काही पाहिले असेल, पण अक्का पारोशी होती. गड्यांनीही पूर्वी एकदा हरभऱ्यावर पहाटे पांढरे पडल्याचे सांगितले होते, तेही त्यांनी याच कारणासाठी मानले नव्हते. थंडीने हरभरा करपतो हे त्यांना ठाऊक होते. तो बर्फाने करपतो हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण शेतात ते आंघोळीनंतर जात.

"आनि देख," ते शिडीकडे वळताना म्हणाले, "तुना बर्फ बी तुनामायकच शे. पायरी सोडीसन चालना."

बर्फ माझ्यासारखाच पायरी सोडणारा, हे वाक्य मला बर्फापेक्षा जास्त लागले. मी त्यांच्या मागोमाग देवघरात गेले, कोनाड्यातली कापराची डबी उचलली आणि उघडून त्यांच्यापुढे धरली. डबीत कापराच्या वड्यांबरोबर काळी मिरी होती.

"ही मिरी कशाला ठेवली?"

"कापूर उडी जास," अक्का दारातून म्हणाली. "मिरी ठेवी की उडत नई."

"आणि मिरी ठेवली नाही तर? कापूर उडतो तेव्हा डबी आतून ओली होते का?"

मिरीने कापूर राहतो यावर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही, पण तो वाद मी पुढे ढकलला. घट्ट वडी हळूहळू लहान होते, एक दिवस नाहीशी होते आणि मागे थेंबही राहत नाही, हे या घरातले प्रत्येक जण आंघोळ करून रोज पाहत होता.

आबांनी डबी हातात घेतली, आत पाहिले आणि झाकण लावले. "कापूर देवना शे," ते म्हणाले. "बर्फ आगगाडीना." पण ते लगेच उठले नाहीत. बसल्याबसल्याच म्हणाले की थंडी उद्याही टिकेल असे दिसते, आणि उद्याची सकाळ ते मला देतील. तेव्हाही बर्फ दिसला नाही, तर जळगावला होकाराचे पत्र जाईल.

आता प्रश्न अक्काचा होता. पाणी उघडे ठेवण्याला तिने साफ नकार दिला. मी उष्णतेच्या उत्सर्जनाविषयी बोलले, तिने पालीविषयी. मी म्हणाले की हे पाणी कोणी पिणार नाही. ती म्हणाली की पाण्याला ते काय ठाऊक. मी हरले, आणि बोलता बोलता माझी नजर गोठ्याकडे गेली.

"अक्का, बैलांच्या हौदावर काय झाकतेस?"

"बैलना हौदवर कोन झाकस?" ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या लक्षात आले. थोडा विचार करून तिने निर्णय दिला. पाणी बैलांचे असेल तर ते उघडे राहण्यास तिची हरकत नाही. मात्र ते हौदातूनच घेतले पाहिजे आणि सकाळी बैलांनाच मिळाले पाहिजे. अशा रीतीने ज्या पाण्यावर माझे पुढचे शिक्षण अवलंबून होते, ते बैलांच्या मालकीचे ठरले.

मी हौदातले पाणी गाळून परळांत घातले. मग तिला सांगितले की तिचे लुगडेही हवे आहे, परळांवर नव्हे, शेजारच्या कडब्यावर पसरायला.

"काल झाकं ते चुकनं," ती म्हणाली, "आनि आज तूच लुगडं मांगस! तुना शास्तरनं काही खरं नई." पण तिने लुगडे दिले, आणि कोपऱ्यांवरचे खडेही स्वतः ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरून हाक मारणार, तेवढ्यात न्हाणीतून अक्काचा आरडाओरडा ऐकू आला. बंब पेटला नव्हता. आबांनी तो पेटवू दिला नव्हता. पाणी तापेपर्यंत थांबले तर बर्फ जातो आणि आंघोळ न करता पाहिले तर साक्ष जाते, या पेचातून त्यांनी एकच वाट काढली होती.

"भाऊ, येडा व्हयना का?" अक्का ओरडत होती. "या पोरना बर्फ देखाना नादमा तूच बर्फ व्हई जाशी!"

उत्तरादाखल फक्त तांब्यांचा आवाज आला, आणि प्रत्येक तांब्यानंतर देवाचे नाव, नेहमीपेक्षा बरेच मोठ्याने. पूजा त्यांनी नंतरसाठी ठेवली. देव थांबतील, असे ते अक्काला म्हणाल्याचे मी ऐकले. सूर्य वर येण्याआधी ते कोरडे धोतर नेसून, घोंगडी पांघरून, दात वाजवत शिडीने वर आले.

परळांत बर्फ होता. पापडाएवढा पातळ आणि मध्ये थोडा फुगलेला. आबांनी बोटाने टिचकी मारली, तो वाजला. त्यांनी तुकडा उचलून मुठीत धरला आणि मनगटावरून पाणी ओघळेपर्यंत धरून ठेवला. उष्णतामापकावर हवा अजून शून्याच्या जरा वर होती. मी ते त्यांना दाखवले, कारण हवेहून पाणी गार झाले हेच मला सिद्ध करायचे होते.

"बर्फ शे," आबा म्हणाले. मी शिडीच्या दिशेने पाऊल टाकले. माझ्या मते प्रकरण संपले होते.

"थांब. तू काल दोन गोष्टी सांग्यात." ते कडब्यावर लुगड्याशेजारी बसले.

लुगडे पांढरे झाले होते. सूर्य वर आला तेव्हा पूर्वेकडच्या पाळीची सावली लुगड्याच्या अर्ध्यावर पडली आणि अर्ध्यावर ऊन. मी अशी मांडणी केलेली नव्हती; लुगडे जिथे मावले तिथे पसरले होते. उन्हातला थर चकाकला आणि पाहता पाहता त्याचे थेंब झाले, कापड ओले झाले. सावलीतला थर तसाच होता. त्यावरून कोरडी झुळूक जात होती. आबा त्यावर बोट टेकवत, बोट पाहत, धोतराला न पुसता पुन्हा टेकवत. थर विरळ झाला, मग ठिपक्यांचा झाला, मग तांबडे कापड दिसू लागले. बोट कोरडे होते. अक्का शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती आणि तिने बोलणे थांबवले होते, हे नोंदवण्यासारखे आहे.

"म्हंजे पायरीवरथून बी जास, आनि पायरी सोडीसन बी," आबा अखेर म्हणाले.

"हो."

"मंग सोपं कोनतं?"

निकाल या उत्तरावर होता, हे मला त्यांच्या आवाजावरून कळले. पायरी सोडणे सोपे, असे मी म्हटले असते तर ते त्यांना पडताळता आले नसते. पण ते खोटे झाले असते, आणि त्या आकड्यांबरोबर मला पुढे आयुष्य काढायचे होते. मी सांगितले की एक ग्रॅम बर्फाचे नुसते पाणी करायला ऐंशी उष्मांक लागतात. तेवढ्याच थंडीत त्या पाण्याची वाफ करायला सहाशेला थोडे कमी. मधली पायरी सोडून बर्फाची थेट वाफ करायची, तर या दोन्हींची बेरीज लागते. त्यात सूट नाही.

"बेरीज पुरी?"

"पुरी."

"मंग पायरी सोडीसन काय भेटनं?"

"मध्ये थांबावे लागत नाही."

आबांनी घोंगडी आवळून घेतली. "आनि इतली गरमी एकदम कोठून येस?"

"भोवतालून. हवेतून, आणि ज्यावर तो बसलेला असतो त्या लुगड्यातून."

"म्हंजे भवतालनास्ले थंडी वाजस."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे ओठ निळे पडले होते. मी होय म्हणाले.

ते उठले, परळांकडे गेले आणि वितळत्या पापडांपुढे उभे राहिले. मग त्यांनी निकाल सांगितला. मी मुंबईस जावे. जळगावला नकार कळवावा. पण मुंबईतही मुलींच्या शाळा असतीलच. सकाळी तिथे शिकवावे आणि नंतर स्वतः शिकावे. "दोन्ही एकदम," ते म्हणाले. "बेरीज पुरी. तूच सांगं ना. जमी का तुले?"

मी जमेल म्हणाले. दुसरे काही म्हणण्याची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती.

"मंग खाले चाला," अक्का म्हणाली, "आनि बैलस्ना बर्फ बैलस्ले द्या." बैलांनी तो हुंगला आणि मान फिरवली.

जूनमध्ये मी धुळ्याहून चाळीसगावची गाडी धरली आणि तिथून मुंबईची. गेले वर्षभर सकाळी मुलींना पाण्याच्या तीन अवस्था शिकवते आणि नंतर संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत असते. मध्ये थांबावे लागत नाही, हे मी आबांना सांगितले ते खरे होते. थांबायला मिळत नाही, हा त्याचाच दुसरा भाग मी तेव्हा सांगितला नाही, कारण मला तो ठाऊक नव्हता. आबांनी आकडे माझ्यापेक्षा नीट ऐकले होते.

निघताना अक्काने त्या तांबड्या लुगड्याचा एक तुकडा फाडून माझ्या ट्रंकेत ठेवला. "पानी झाकजो," एवढेच ती म्हणाली. तो माझ्या खोलीतल्या माठावर असतो. त्यावर अजून काही जमलेले नाही. मुंबईची हवा दमट आहे, रात्री उबदार असते, आणि माझ्या खिडकीतून आभाळ दिसत नाही.